गुरुवारचा इतिहास

बाई तारखात्यात होत्या. दुसऱ्यांचे जन्म, मृत्यू आणि बदल्या कमीत कमी शब्दांत पोचवण्यात सगळी नोकरी गेल्यामुळे निवृत्तीनंतरही जास्तीचा शब्द त्यांना सोसत नसे. शनिवार पेठेतल्या त्यांच्या घराची बेल मी पहिल्यांदा वाजवली, तेव्हा दार फटीएवढं उघडलं आणि फटीतून प्रश्न आला, "काय?"

"खोली पाहिजे होती."

"कुठली?"

"यवतमाळकडची."

"लांबलचक आहे. नागपूर म्हणेन."

झालं. आईवडिलांनी बारसं करून ठेवलेलं माझं नाव त्या उंबऱ्याबाहेर राहिलं आणि पुढची कित्येक वर्षं मी नागपूर म्हणून त्या घरात वावरले. बाई माणसांना नावाने ओळखतच नसत. तार कुठून आली, एवढंच महत्त्वाचं. दूधवाला मुळशी, सोसायटीचे अध्यक्ष सातारा, त्यांची बायको सांगली. एकदा दोघं मिळून पाण्याची तक्रार घेऊन आले, तेव्हा बाईंनी आत वळून मला सांगितलं, "सातारा-सांगली आलेत. दोन कप टाक."

घराच्या अटी विचारल्या तर म्हणाल्या, "अटी नाहीत. अट घातली की ती मोडली का ते बघत बसावं लागतं."

माझ्या बोलण्यावर मात्र त्यांचं बारीक लक्ष होतं. पहिल्याच रविवारी त्यांनी हाक मारली आणि मी आतून म्हणाले, "जेवून राहिली ना बाई!" बाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "जेवून मग राहिलीस, की राहून मग जेवलीस?" त्यानंतर 'मले', 'तुले', 'काहून' हे सगळे एकेक करून गावी परत गेले. आज माझं बोलणं ऐकून लोक मला पेठेतली समजतात आणि जरा लांब उभे राहतात, ते बाईंचंच श्रेय.

त्या वेळी खराडीत उसाच्या शेतांमधून काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या. कंपनीची गाडी मला सकाळी पुलापाशी उचलायची आणि संध्याकाळी अर्धमेली करून तिथेच सोडायची. बाईंनी एकदा विचारलं, "काय करतेस तिथे?"

"अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्ट करते."

"म्हणजे?"

"त्यातल्या चुका शोधते."

"त्यासाठी अमेरिकेने नागपूरहून माणूस मागवलं?" बाई म्हणाल्या. "पेठेत सांगायचं. कोणीही फुकट शोधून दिल्या असत्या."

मोबाइल त्यांनी घेतला नाही. "ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याला पत्ता माहीत आहे, आणि ज्याला पत्ता माहीत नाही त्याने काय बोलायचंय?" तारखातं आता मरायला टेकलंय, अशी बातमी कोणी दिली की त्या अजिबात हळहळत नसत. "मरू दे. हल्ली लोकांकडे तारेत मावेल असं काही नसतं."

मात्र रोज संध्याकाळी त्या रेडिओला कान लावून बसत, आणि ऐकत काय, तर समुद्राचं हवामान. दक्षिण कोकण किनाऱ्यावर वारे ताशी अमुक वेगाने वाहतील, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये. हे ऐकून बाई उठत आणि दोरीवरच्या कपड्यांना एकेक चिमटा जास्त लावत. खाली मुठा नदीत म्हशीची पाठ बुडेल एवढंही पाणी नसायचं, समोरच्या पिंपळाचं पान हलत नसायचं. पण शनिवार पेठेत आमच्या घराला वादळाचा इशारा दिलेला असायचा.

"बाई, आपल्याला काय करायचंय समुद्राचं?" मी शेवटी विचारलं.

"माझं घर आहे तिथे."

"किनाऱ्यावर?"

"किनाऱ्यावर कोणाचंही असतं. बेटावर."

या एका विषयावर बाई अघळपघळ बोलत, हे मला त्या दिवशी कळलं. खाडीच्या तोंडाशी एक बेट, बेटावर एकच घर, जांभ्या दगडाचं. इंग्रजांच्या काळात ते जकातीच्या साहेबासाठी बांधलं. साहेबाचं काम जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायचं. पावसाळ्यात गलबतं बंद, तरी साहेब रोज दुर्बीण घेऊन बसे. होता होता त्याला न येणारी गलबतंही दिसायला लागली, आणि त्याने त्यांच्यावरही जकात लावली. वरून विचारणा झाली तेव्हा साहेब दुर्बिणीसकट पाण्यात चालत गेला. बाईंनी हे इतकं रंगवून सांगितलं, की मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. आमचा मॅनेजर मन लावून ऐकत होता. त्याची स्थिती साधारण साहेबासारखीच होती.

पुढच्या आठवड्यात गॅस घेऊन माणूस आला. स्वयंपाकघरातून मला ऐकू येत होतं. बेटावरचं ते घर सोन्याची चोरटी आयात करणाऱ्यांनी बांधलं होतं, आणि त्याच्या जोत्यात अजून काय काय आहे ते कोणी खणलेलं नाही. गॅसवाला सिलिंडर जोडायचं विसरून गेला. क्रेडिट कार्ड विकायला फोन करणाऱ्या मुलीला बाईंनी लाकडी पायाच्या पोर्तुगीज कप्तानाची हकिगत सांगितली. शेवटी त्या मुलीनेच फोन ठेवला. सोसायटीचे सातारा जिन्यातल्या दिव्यावरून भांडायला आले, तेव्हा ते घर पटकीच्या रोग्यांना ठेवायचं होतं, आणि बाईंच्या घरातली पितळी भांडी तिथलीच. सातारांनी हातातला कप तसाच खाली ठेवला. त्यानंतर कित्येक दिवस ते आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायले नाहीत, आणि भांडायलाही आले नाहीत.

मी चुका शोधायचं काम करणारी. मी म्हणाले, "बाई, मला तर तुम्ही जकातीचा साहेब सांगितला होता."

"तो गुरुवारचा इतिहास."

"आणि खरा कुठला?"

बाईंनी टेबलावर बोटांनी कडकट्ट वाजवलं. चिडल्या की त्या तोंडाऐवजी बोटांनी तार करत. "ज्याला जो झेपेल तो देते. खरा झेपेल असं अजून कोणी आलं नाही."

मला राग आला. पण भाडेकरूला येणारा राग पुण्यात कोणी विचारात घेत नाही.

बाईंचा एक भाचा होता. भाऊ आणि भावजय गेलेले, त्यामुळे बाईंना रक्ताचं म्हणून तोच एक. धायरीला गाव म्हणत होते तेव्हाच त्याने तिथे जागा घेतल्या होत्या, आणि गाव म्हणायचं बंद होईपर्यंत त्यावर इमारती उभ्या केल्या होत्या. अर्थात बाई त्याला धायरी म्हणत. धायरीच्या ऑफिसात खुर्चीमागच्या भिंतीवर ढाल आणि दोन तलवारी लटकत. आम्ही मूळचे बेटाचे सरदार, असं तो येईल त्याला सांगे. पुरावा काय, तर आडनाव. बेटाच्या नावाला 'कर' जोडून ते झालेलं होतं. "नावातच आहे ना! राज्य होतं आपलं तिथे." त्याच्या पहिल्या इमारतीच्या नावातही 'सरदार' होतं. त्या इमारतीत पाणी टँकरने यायचं.

हा धायरी एका सकाळी एका मुंबईच्या पाहुण्याला घेऊन आला. पाहुणा कुठल्याशा रिसॉर्ट कंपनीचा होता. पांढरा शर्ट, बिनमोज्यांचे बूट आणि मांडीवर लॅपटॉप. बाई टेबलावर तूर निवडत होत्या. तूर न हलवता त्यांनी टेबलाची एक कड मोकळी करून दिली, तिथे पाहुण्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर निळं पाणी, पांढरी छत्री आणि एक गोरी बाई दिसली. गोऱ्या बाईच्या पाठीवर दगड ठेवलेले होते.

"हिला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"स्पा आहे, मॅडम. मॅडम, ॲक्च्युअली आम्ही प्रॉपर्टी घेत नाही. आम्ही एक्स्पीरिअन्स क्रिएट करतो."

"मग प्रॉपर्टी इथेच राहू दे. अनुभव घेऊन जा."

धायरी मोठ्याने हसला. बेटावरच्या घरात बाईंचा निम्मा हिस्सा होता, आणि बाईंच्या सहीशिवाय काही होणार नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी त्याला बाईंचं सगळंच विनोदी वाटत होतं. "आत्या, अगं पडीक घर आहे ते. कोण जातंय तिथे? तू तरी कधी गेलीस?"

"लहानपणी. बाबांबरोबर."

पाहुणा पुढे झुकला. "मॅडम, हाउसची काही हिस्टरी आहे का? गेस्टला स्टोरी लागते."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आता याच्या वाट्याला कुठला वार येतो ते बघायचं होतं. बाईंनी तुरीतला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "राणीचा महाल होता. उन्हाळ्यात राहायला यायची. मोत्यांचं वेड होतं तिला. रोज पहाटे पाणबुडे सोडायची. एका दिवशी एक देखणा पाणबुड्या वर आलाच नाही. राणी मग परत गेली नाही."

"वॉव," पाहुणा म्हणाला. "राणीचं नाव?"

"आमच्यात बायका घेत नाहीत."

धायरीचे डोळे भरून आले होते. "आत्या, हे मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू फक्त क्षेत्रफळ विचारायचास."

महिन्याभरात गुळगुळीत कागदावर छापलेलं माहितीपत्रक आलं. गच्चीवर पाठमोरी राणी. त्या घराला गच्ची नव्हती, कौलं होती, पण कंपनीने बांधून दिली होती. खाली वाक्य होतं, 'जिथे राणीला स्वतःचा शोध लागला.' बाईंनी चष्मा लावून ते वाचलं. "हरवली कधी होती?" एवढंच म्हणाल्या. मग धायरीला फोन लावायला सांगितला. "सही करीन. पण घर बघून, तिथेच. मुंबईलाही बोलाव. नागपूर येईल."

"मी कशाला?" मी विचारलं.

"चुका शोधतेस ना? चल."

मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. शनिवार-रविवार जोडून आम्ही धायरीच्या नव्या गाडीतून निघालो. घाटात तो एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने फोन चालवत होता. बाई मागे ताठ बसून म्हणाल्या, "धायरी, आधी घाट उतरव. मग वीक." किनाऱ्यावरच्या गावात मुक्काम केला, सकाळी मुंबई येऊन मिळाला आणि आम्ही चौघं एका कोळ्याच्या होडीत बसलो.

समुद्र पाहून मला काय वाटलं ते मी सांगणार नाही. ज्यांनी लहानपणापासून पाहिलाय त्यांना ते हास्यास्पद वाटेल. एवढंच सांगते, की मी घट्ट धरलेला हात बाईंचा होता, हे मला बेटावर उतरल्यावर कळलं. बाईंनी तो सोडवून घेतला नव्हता.

घर अजून उभं होतं. जांभ्याच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, बरीचशी सरकलेली. मागे माड आणि एक विहीर. गावाकडून, म्हणजे आम्ही आलो त्या बाजूने, नुसती भिंत. दार नाही, खिडकी नाही, हवेला एक झरोकासुद्धा नाही. वळसा घालून पलीकडे जावं तेव्हा कुठे पायऱ्या, ओटी आणि दार, आणि त्यापुढे एकदम उघडा समुद्र.

मुंबई हरखून गेला. "सी-फेसिंग! सगळं हाउस सी-फेसिंग! त्या काळात! आर्किटेक्टने काय विचार केला असेल!"

"आर्किटेक्टने नाही," बाई म्हणाल्या. "गावाने केला."

कोणाला काही कळलं नाही. बाई चपला काढून आत गेल्या. पहिली खोली, त्यामागे दुसरी, काळोखी. मुंबईने मोबाइलचा उजेड पाडला. वर एक आडवं लाकूड होतं, मधोमध गुळगुळीत झालेलं, खोलगट घासलेलं.

"झोपाळा!" धायरी म्हणाला. "राणीचा झोपाळा असणार, आत्या!"

"झोपाळा नाही. दोर असायचा. कळा सुरू झाल्या की धरायला."

आणि बाई बोलू लागल्या. गुरुवारचा इतिहास सांगताना त्यांचा आवाज वरखाली होई, हातवारे होत. आता तसं काही नव्हतं. काउंटरवरून कोणाला तरी तार वाचून दाखवावी तसं त्या सांगत होत्या.

घाटावरच्या आणि किनाऱ्यावरच्या चांगल्या घरांमधल्या विधवांना इथे आणत. पंधरा-सोळा वर्षांच्याही असत. दीर, सासरा, कुणी चुलता, कुणी शेजारी, कोण ते विचारायची पद्धत नव्हती. दिवस गेल्याचं कळलं, की घरात सांगायचं, काशीला पाठवली. "त्या काळी पुण्यातून काशीला गेलेल्या बऱ्याच जणी इथपर्यंतच पोचल्या," बाई म्हणाल्या. घर बांधलं ते किनाऱ्यावरच्या एका मोठ्या माणसाने. बांधताना त्याला आपल्याच घरातल्या कोणाची तरी सोय करायची होती. नंतर सगळ्यांचीच झाली. गावाला सगळं माहीत होतं. म्हणून गावाकडे भिंत. बाळंतीण बाई गावाला दिसू नये आणि तिला गाव दिसू नये. मूल कुठल्या तरी आश्रमात जाई, नाही तर जगत नसे. जगू दिलं जात नसे, असंही होई. बाळंतीण परत जाई. काशीहून आणलं म्हणून गंगेचा गडू सोबत देत. तो इथल्या विहिरीवर भरलेला असे.

धायरी हसायचा प्रयत्न करत होता. आत्या नेहमीसारखी काहीतरी सोडतेय, असं त्याला वाटत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. मला चुका ओळखता येतात, यात नव्हती.

"एक जण परत गेली नाही," बाई पुढे म्हणाल्या. "न्यायला माणसं आली तेव्हा म्हणाली, मी काशीतच मेले म्हणून सांगा. त्यांना बरंच झालं. ती इथेच राहिली. पुढे येणाऱ्यांचं तीच करायला लागली. तोंड उघडू नये म्हणून घर तिला देऊन टाकलं, कागदावर नाव न घालता. ती सुईण झाल्यावर इथे मुलं मरायची थांबली. एक मुलगा मात्र न्यायला कोणी आलंच नाही. तो तिने ठेवला. तिचा स्वतःचा होता की दुसरीचा, ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही."

"तो कोण?" धायरीने विचारलं.

"तुझे आजोबा. माझे बाबा. या खोलीत जन्मले. लहानपणी मला इथे आणून त्यांनी ते लाकूड दाखवलं."

"पण आपलं आडनाव, आत्या! आपलं राज्य..."

"बाबा पुण्याला शाळेत गेले तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं. त्यांना नव्हतं. कुठून आलास, विचारलं. बेटाचं नाव सांगितलं. मास्तरांनी पुढे 'कर' लावलं आणि बसायला सांगितलं. एवढंच राज्य."

बाहेर लाटांचा आवाज येत होता. धायरी भिंतीला टेकून उभा राहिला आणि शर्टाला चुना लागेल हेही विसरला. मी मुंबईकडे पाहिलं. हा माणूस आता लॅपटॉप आवरून पळ काढणार, याची मला खात्री होती. बाईंनी त्याला इथपर्यंत त्यासाठीच आणलं होतं. असलं घर कोण विकत घेईल?

मुंबईचे डोळे चमकत होते.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "धिस इज गोल्ड."

"काय?"

"राणी वगैरे सोडून द्या. राणी सगळ्यांकडे असते. हे ऑथेंटिक आहे. विमेन्स हीलिंग रिट्रीट! मी आत्ता बघू शकतो. मोठ्या शहरातल्या स्ट्रेस्ड विमेन. ही खोली आपण अशीच ठेवायची. दोर पण परत लावू. इथे ट्रीटमेंट रूम. आणि ती भिंत, त्यावर सगळी स्टोरी, सुंदर फॉन्टमध्ये. तुमच्या वडिलांचा फोटो आहे का?"

बाईंना उत्तर सुचलं नाही, असं मी आयुष्यात त्या एकदाच पाहिलं. बोटंही हलली नाहीत. ज्याला जो झेपेल तो इतिहास देणाऱ्या बाईंनी शेवटी खरा बाहेर काढला होता, आणि समोरच्या माणसाला तो झेपला तर होताच, वर आवडलाही होता. तो त्यात उशा ठेवणार होता.

"फॅमिलीचं नाव टाकायचं?" धायरीने विचारलं.

"ऑफ कोर्स. नाव हवंच. नाही तर लोकांना फेक वाटेल. तुमचा पण व्हिडिओ करू, सर. ग्रँडसन ऑफ द आयलंड."

धायरी भिंतीपासून सुटा झाला. त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या ऑफिसात येणारे धायरीतले जमीनवाले, बँकवाले, मुलीला बघायला येणारे लोक, असे सगळे रांगेत उभे राहिले असणार. "नाही," तो म्हणाला.

"सर, नाव नको असेल तर..."

"काहीच नको. डील कॅन्सल. आमचं घर आहे, आम्ही विकत नाही."

"पण सर, आपलं सगळं ठरलं..."

"अहो, नाही म्हटलं ना!" धायरी ओरडला. "माझ्या आजोबांचा जन्म तुम्हाला भिंतीवर लावायचाय?"

मुंबईने बराच प्रयत्न केला. होडीत बसेपर्यंत तो वेगवेगळे आकडे बोलत होता, मग नुसताच समुद्राकडे बघत बसला. तो गावातून त्याच्या वाटेने गेला. ते माहितीपत्रक तो आमच्याच गाडीत विसरला. बाईंनी पुढे कित्येक दिवस राणीवर लसूण सोलला.

परतीच्या वाटेवर धायरी दोन्ही हातांनी गाडी चालवत होता. आम्हाला पुलापाशी सोडून तो खाली न उतरताच निघून गेला आणि पुढे किती तरी महिने फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, तो मागे हटेल?"

"मला वाटलं होतं मुंबई हटेल," बाई म्हणाल्या. "लाज कोणाला किती असते याचा माझा अंदाज पार चुकला." मग म्हणाल्या, "लाजेपायी बांधलेलं घर. लाजेनेच वाचलं. बाबांना हसू आलं असतं."

मग न विचारता त्यांनी आणखी थोडं सांगितलं, आणि बाईंनी न विचारता काही सांगणं ही नवलाचीच गोष्ट. बाई तार ऑफिसात लागल्या तेव्हा त्यांना एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, बाईंनाही आवडला होता. वडील म्हणाले, यांना फसवायचं नाही, आणि चहाच्या वेळी सगळं सांगून टाकलं. पाहुणे अर्धे कप तसेच ठेवून उठले. मुलगा जिन्यात जरा थांबला होता, मग तोही उतरला. त्या दिवशी बाईंच्या भावाने ठरवलं, की आपल्या घरात यापुढे हे कोणाला कळू द्यायचं नाही. "म्हणून धायरीला सरदारकी मिळाली. त्याचा दोष नाही. त्याच्या बापाने प्रेमाने दिली ती."

"आणि तुम्ही?"

"मी खोटं बोलणार नाही असं ठरवलं होतं. मग लक्षात आलं, एक खोटं बोललं तर लोक ते खरं मानतात. रोज वेगळं बोललं, की निदान कळतं तरी, की खरं अजून सांगितलेलं नाही."

मी जरा वेळाने विचारलं, "त्या बाईंचं नाव काय होतं? ज्या परत गेल्या नाहीत?"

"आई."

"नाव, बाई."

"बाबा आई म्हणत. दुसरं नाव त्यांनाही माहीत नव्हतं. काशीला मेली ना ती. नाव तिकडेच राहिलं."

पुढे माझं लग्न झालं, मी खराडीलाच राहायला गेले. महिन्यातून एखादी चक्कर मारायचे. बाई थकत गेल्या, पण शब्द वाढले नाहीत. धायरी पुन्हा येऊ लागला होता. आला की काही न बोलता बसे, चहा पिई, औषधं ठेवून जाई. तलवारी काढल्या का, ते मी कधी विचारलं नाही. त्याच्या ऑफिसात जायची माझ्यावर वेळ आली नाही. बाई गेल्या त्या एका दुपारी, झोपेत. त्यांच्या कोणाला कळवायचं तर यादी मोठी नव्हती. सातारा जिन्यात उभे राहून रडले.

वर्षभराने एका पावसाळ्याआधी मला धायरीचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन घेतला. म्हणाला, बेटावर आहे. छप्पर काढून नवीन घातलं, भिंतींना हात लावलेला नाही. विकायला वगैरे नाही, तसंच. बायकोलाही घेऊन आलोय. तिला सगळं सांगितलं.

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, तलवारींपेक्षा हे बरं." मागून गवंड्याची हाक आली. "अगं, गवंडी विचारतोय दारावर कोणाचं नाव कोरायचं. माझं नको वाटतं. आत्याचंही नको, ती ओरडली असती. ज्यांचं घर त्यांचंच घालावं म्हटलं. आत्याने तुला त्यांचं नाव सांगितलं होतं का?"

मी त्याला सांगितलं. नाव नव्हतं. आजोबा आई म्हणायचे, तेवढंच.



"म्हणजे माझी पणजी," तो म्हणाला.

"हो."

"पणजी कोरायला सांगू?" मग त्याने स्वतःशी विचार केला आणि म्हणाला, "नको. होडीतून जाणाऱ्यांना वाटेल, गोवा आला."

तो हसला. त्या घराण्यात मी ऐकलेला हा पहिला विनोद, जो बाईंचा नव्हता. हसता हसता त्याचा आवाज गेला. आत मीटिंगमध्ये माझ्या नावाने हाका चालल्या होत्या. मी काचेला टेकून उभी राहिले आणि फोन तसाच कानाला धरून ठेवला.